टंकाईच्या पायथ्याशी एक सेवादिन

मनमाडहून येवल्याकडे येताना प्रथम हडबीची शेंडी हा एकाकी सुळका लक्ष वेधून घेतो आणि मग सपाटीवर दोन डोंगर एकमेकांना खेटून उभे राहिलेले दिसतात. त्यांतला उंच, रुंद माथ्याचा तो अंकाई, आणि एका खिंडीने त्याच्याशी जोडलेला, अंगाने थोडा कमी असा तो टंकाई. इतिहासाच्या पुस्तकांत अंकाईचे नाव लढायांच्या निमित्ताने येते. १६३५ मध्ये शहाजहानच्या सैन्याने हा किल्ला घेतला, आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. माथ्यावर अगस्ती ऋषींचे स्थान आहे आणि तेथे भाविकांची ये-जा असते. जैन वाचकाला मात्र या जोडीतला धाकटा डोंगर अधिक जवळचा वाटावा. अंकाई गावातून खिंडीकडे चढू लागले की टंकाईच्या कड्यात कोरलेली जैन लेणी लागतात. दम लागण्याच्या आतच माणूस त्यांच्यापाशी पोहोचतो.

ही लेणी साधारणपणे अकराव्या-बाराव्या शतकातील मानली जातात. वेरूळची इंद्रसभा पाहिलेल्या डोळ्यांना ती लहान वाटतील. पण लहान जागेत केलेले कोरीव काम किती दाट असू शकते, हे पाहायचे असेल तर येथेच यावे. दुमजली लेणे आहे, छतावर उमललेले कमळ आहे, दारांच्या चौकटींवर एकात एक गुंफलेल्या पट्ट्या आहेत, हत्तीवरचा यक्ष आणि सिंहासह अंबिका आहे. काळाने आणि माणसांनी पुष्कळांचे चेहरे पुसून टाकले आहेत. तिसऱ्या लेण्यात गर्भगृहाच्या दाराच्या दोन बाजूंना दोन तीर्थंकर कायोत्सर्ग मुद्रेत उभे आहेत. एकाच्या बैठकीवर मृगाचे लांछन आहे, म्हणून ते शांतिनाथ मानले जातात. दुसऱ्या बाजूला पार्श्वनाथ आहेत. या शांतिनाथांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

माझे माहेर येवल्याचे आणि सासर नाशिकचे. सासरी धान्य-किराण्याचा घाऊक व्यापार आहे. वर्षातला एक रविवार सर्वांनी दुकान बंद ठेवून सेवेला द्यायचा, असा आमच्याकडे जुना नेम आहे. कधी पांजरापोळ, कधी विहारातल्या साधु-साध्वींची सोबत, कधी एखाद्या शाळेत वह्या-पुस्तके. या वर्षी मुलांनी टंकाईची लेणी सुचवली. संक्रांतीनंतरचा रविवार ठरला. सासू-सासरे, आम्ही दोघे, दीर-जाऊ आणि पाच मुले, असे अकरा जण दोन गाड्यांत निघालो. कामाची मर्यादा सासऱ्यांनी आदल्या रात्रीच घालून दिली होती : कागद, बाटल्या, प्लास्टिक तेवढे उचलायचे, मूर्तींना पाणी नाही, ब्रश नाही, तेल-चुना नाही. दगडावरचा मळ काढण्याच्या उत्साहात दगडच जातो, हे त्यांनी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

नाशिकहून निफाड, विंचूर, येवला हा रस्ता जानेवारीत फार देखणा असतो. द्राक्षांचे मांडव भरात आलेले, कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि निफाडजवळून आत वळले तर नांदूर मध्यमेश्वरचे पाणी, जेथे हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. २०२० मध्ये या पाणथळ जागेला रामसर दर्जा मिळाला; महाराष्ट्रातली ती पहिलीच. मुलांनी तेथे थांबण्याचा हट्ट धरला होता, पण सासूबाईंनी घड्याळाकडे बोट दाखवले. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण उरकायचे तर वाटेत रेंगाळणे परवडणारे नव्हते.

येवल्यात शिरताना तारांवर, झाडांवर, गच्च्यांच्या कठड्यांवर फाटक्या पतंगांची झालर लागलेली होती. पैठणीइतकाच येवल्याला पतंगाचाही अभिमान आहे. भोगी, संक्रांत आणि कर, असे तीन दिवस सारे गाव गच्चीवर असते, हलकडी वाजत असते. आमच्याकडे चक्रीला 'आसारी' म्हणतात आणि ती हातात धरण्याची येवलेकरांची ऐट वेगळीच. माझ्या लहानपणी सुती दोऱ्यालाच मांजा सुतवत असत. त्यात पडणारा शिरस कशापासून तयार होतो हे एकदा कळल्यावर वडिलांनी तो घरात आणू दिला नाही. आम्ही भाताच्या खळीवर भागवले आणि शेजाऱ्यांनी आमचे सगळे पतंग कापले. तो दोरा पावसात कुजायचा. आताचा नायलॉनचा दोरा कुजत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत गळा कापला गेलेल्या दुचाकीस्वारांच्या बातम्या आपण वाचतोच.

साडेनऊला आम्ही कामाला लागलो. पहिला तास अपेक्षेप्रमाणेच गेला. वेफर्सची पाकिटे, पाण्याच्या बाटल्या, नारळाच्या शेंड्या, अगरबत्तीचे पुडे. मुलांना गोणीचे वजन वाढते आहे याचाच आनंद अधिक. मुंग्यांची रांग दिसली की गोणी उचलून दुसरीकडे न्यायची, एवढे त्यांना सांगावे लागत नाही. मग माझ्या धाकट्या पुतण्याने एका कोपऱ्यातून ओंजळभर काळसर, अंगठ्याएवढ्या गोळ्या आणल्या आणि विचारले, "काकू, हा कचरा आहे का?"

माझी जाऊ शाळेत विज्ञान शिकवते. तिने एक गोळी काडीने उकलली. आत करड्या केसांचा लगदा, त्यात सुईसारखी हाडे आणि शेंगदाण्याएवढी एक कवटी, पिवळट दातांसकट. "ही घुबडाची ओकारी," ती म्हणाली. "घुबड उंदीर अख्खा गिळते. जे पचत नाही ते असे गोळी करून बाहेर टाकते." मुले मागे सरली. ज्या घरात बटाटा आणतानाही विचार होतो, त्या घरातल्या मुलांनी हाडांची गोळी हातात घेतली होती. सासूबाईंनी सर्वांना हात धुवायला लावले. सासरे मात्र त्या कवटीकडे बराच वेळ पाहत होते. धान्याच्या व्यापाऱ्याचे आणि उंदराचे नाते पिढ्यांचे असते. आमच्या गोदामात विष ठेवत नाहीत. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर गावाबाहेर सोडून येतात, आणि तो परत येतो असा हमालांचा ठाम विश्वास आहे.

घुबड आहे तर असेल कुठे, म्हणून मुले वर पाहू लागली, आणि थोरल्या लेकीला ते दिसले.

लेण्याच्या तोंडावरच्या कड्यात, फटीतून वाढलेल्या पिंपरणीच्या फांदीला ते उलटे टांगलेले होते. पांढरे पोट, पाठ सोनेरी-करडी, बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा. गव्हाणी घुबड. एक पंख पूर्ण उघडून ताणलेला, दुसरा मिटलेला. प्रथम ते मेलेलेच वाटले. मग त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि केटलीतून वाफ सुटावी तसा लांब फूत्कार केला. त्याच्या पंखाभोवती हिरव्या रंगाचा बारीक, चकाकणारा दोरा होता. रात्री उंदरासाठी निघालेल्या पक्ष्याला अंधारात फांद्यांमध्ये अडकलेला तो दोरा दिसणे शक्यच नव्हते. त्या पंखांच्या कडा अशा मऊ झालरीच्या असतात की उडताना आवाज होत नाही. अशा पंखांना नायलॉन कापत जातो.

पुढचा पाऊण तास मी आजवर केलेल्या कोणत्याही सेवेसारखा नव्हता. दिराने वनखात्याच्या १९२६ या मदतवाहिनीवर फोन लावला. तेथून येवल्याच्या वनकर्मचाऱ्याशी बोलणे झाले. तो मनमाडच्या बाजूला दुसऱ्या एका पक्ष्यासाठी गेला होता आणि त्याला यायला वेळ लागणार होता. त्याने फोनवर स्पष्ट सांगितले : पक्ष्यावर आधी कापड टाका, म्हणजे अंधार होऊन तो शांत होईल, पाय घट्ट धरा, नख्या लागतील, दोरा फांदीच्या बाजूने कापा, पंखात रुतलेला भाग ओढू नका, पाणी पाजू नका, काही भरवू नका, भोके पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि कोणी त्याच्याशी बोलू नका. शेवटची सूचना आमच्या घराला सर्वांत अवघड होती.

शेळ्या घेऊन वर आलेला गावातला एक तरुण आमची धावपळ पाहत होता. तो म्हणाला, "म्हातारी माणसं सांगत्यात, घुबडाला हात लावू नये. पण असं टांगलेलं बघवत नाय." आणि चपला काढून तो कड्यावरून पिंपरणीच्या बुंध्यापर्यंत गेलासुद्धा. दीर खालून हात देत होता. जावेची ओढणी वर गेली, घुबड तिच्यात गुंडाळले गेले, नखे कापायच्या कात्रीने दोरा तुटला. तरुणाच्या मनगटावर नखी लागून रक्त आले. ते त्याने पँटला पुसले. खाली आणल्यावर पाहिले तर पंखाच्या पुढच्या कडेचा पातळ पडदा दोऱ्याने चिरला होता आणि रक्त सुकून पिसे चिकटली होती. वजन म्हणाल तर काहीच नाही. दोन मुठी तांदूळ धरल्यासारखे वाटले.

खाखऱ्यांचे खोके रिकामे झाले. खाखरे पिशवीत, घुबड खोक्यात. साफसफाईच्या चार गोण्या भरल्या होत्या, अर्धी लेणी राहिली होती. सासऱ्यांनी दोन मिनिटांत वाटणी केली : एक गाडी पक्ष्याला घेऊन येवल्याला जाईल, दुसरी मुलांना घेऊन थांबेल आणि काम पुरे करील. मुलांपैकी एकही थांबायला तयार नव्हते. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मी बसते यांच्यापाशी. कचरा उचलायचा आहेच, आणि आता झाडांवरचा दोराही उतरवू." त्या दुपारी मुलांनी काठ्यांना आकडे बांधून पायवाटेच्या दोन्ही बाजूंचा दोरा काढला. नाशिकला आल्यावर दुकानाच्या काट्यावर तो साडेतीनशे ग्रॅम भरला. दोऱ्याचा साडेतीनशे ग्रॅम म्हणजे किती लांबी, याचे गणित थोरल्या लेकीने केले आहे, पण ते तिने अजून आम्हाला पटेल असे मांडलेले नाही.

येवल्यात रविवार असूनही एका पशुवैद्यांनी दवाखाना उघडला. वनकर्मचारीही तोवर पोहोचला होता. डॉक्टरांनी रुतलेला दोरा चिमट्याने धाग्या-धाग्याने सोडवला, जखम धुतली, टाके घातले, पंख अंगाशी बांधला. हाड मोडलेले नव्हते. "मात्र हा पडदा नीट भरला नाही तर उडणे नाही," ते म्हणाले. "आणि जे घुबड उडत नाही, ते उपाशी मरते." पक्ष्याला नाशिकच्या वनखात्याच्या उपचार केंद्रात हलवायचे ठरले. आम्ही नाशिकलाच जाणार होतो. कर्मचारी आमच्या गाडीत बसला. वन्यपक्षी आपल्या ताब्यात ठेवणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा मुलांची 'घरी नेऊ या' ही आशा तेथेच संपली.

दवाखान्याच्या दारात सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "याच्या उपचाराचा, खाण्यापिण्याचा खर्च आम्ही देतो. किती होईल?"

डॉक्टरांनी आमची आडनावे ऐकली होती. ते जरा थांबून म्हणाले, "शेठ, खायला याला मांस लागेल. रोज. महिनाभर तरी."

सासरे काहीच बोलले नाहीत. गाडीत बसेपर्यंत बोलले नाहीत. आम्ही आयुष्यभर जीवदयेला पैसे देत आलो आहोत. पांजरापोळीत चारा, कबुतरांना दाणे, उन्हाळ्यात पाणी. त्या सगळ्या जीवांचे खाणे आपल्या ताटाशी जुळणारे आहे. त्यांच्यावर दया करताना आपले व्रत कुठे अडत नाही. येथे पहिल्यांदा अडले. एका जिवाला जगवायचे म्हणजे दुसऱ्या जिवांच्या मृत्यूसाठी पैसे मोजायचे. आणि नाही मोजायचे, तर हा जीव आपल्या डोळ्यांदेखत सोडून द्यायचा.

हा पेच नवा नाही. दिल्लीत लाल किल्ल्यासमोर दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे, आणि जैनांच्या जीवदयेचे उदाहरण म्हणून परदेशी प्रवासीही ते पाहायला जातात. तेथे मांसाहारी पक्ष्यांवर औषधोपचार होतात, पण त्यांना इतर पक्ष्यांसारखे मुक्कामी ठेवून घेतले जात नाही, अशी जुनी रीत आहे. त्या रीतीमागे कठोरपणा नाही, व्रताचीच अडचण आहे. दिल्लीतल्या घारींची शुश्रूषा करणाऱ्या दोन मुस्लिम भावांवरचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट २०२२ मध्ये गाजला. जेथे आपण थांबतो तेथून पुढे कोणी तरी जाते, हे त्या वेळी नुसते कौतुकाने पाहिले होते. आता खोके माझ्याच मांडीवर होते.

विंचूर ओलांडल्यावर सासऱ्यांनी मौन सोडले, आणि ते बोलले ते शांतिनाथांविषयी. सोळाव्या तीर्थंकरांच्या पूर्वभवातली राजा मेघरथाची कथा बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. हेमचंद्राचार्यांनी ती 'त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा'त सांगितली आहे. ससाण्याच्या भयाने कबूतर राजाच्या मांडीवर येऊन पडते, राजा त्याला अभय देतो आणि ससाणा आपले भक्ष्य मागतो. कबुतराच्या भारोभार राजा स्वतःचे मांस तराजूत घालतो. "ही कथा सांगताना आपण नेहमी कबुतरापाशी थांबतो," सासरे म्हणाले. "पण राजाने ससाण्याला हाकलून दिले नाही. तुझी भूक खोटी, असे त्याला म्हटले नाही. दोघांचीही बाजू त्याने तराजूत ठेवली. मोल मात्र स्वतःचे दिले, दुसऱ्याचे नाही."

पतीने विचारले, "मग आपण काय द्यायचे?"

"तेच कळत नाही," सासरे म्हणाले. तराजूची कथा एका व्यापाऱ्याने इतक्या गंभीरपणे घेतलेली मी प्रथमच पाहत होते.

पुढच्या आसनावरचा वनकर्मचारी हे सगळे ऐकत होता. वयाने तरुण, तीन दिवस धड झोपलेला नसावा. तो मागे वळून म्हणाला, "काका, खाण्याचं आमचं खातं बघतं. त्याची काळजी तुम्ही नका करू. तुम्ही व्यापारी लोक आहात. जमलं तर दोऱ्याचं बघा. संक्रांतीपासूनचा हा माझा सातवा पक्षी आहे."

नाशिकच्या केंद्रात खोके सोपवून, कागदावर सह्या करून बाहेर आलो तेव्हा दिवस मावळून गेला होता. मागून येणारी दुसरी गाडीही उशिरा पोहोचली. त्या दिवशी सासू-सासऱ्यांचा चौविहार अन्नावाचूनच झाला. थर्मासमधले उकळलेले पाणी दुपारीच संपले होते. मुलांना थेपले दिले. आम्हा मधल्या पिढीचे काय झाले, ते येथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी पेढीवर बसून वहीत रक्कम मांडली : 'जीवदया खाते, पक्षी उपचार केंद्र, औषधे व पिंजऱ्याची जाळी'. म्हणजे पैसे दिले, पण मांसासाठी नाही. सासूबाईंना हे मान्य झाले नाही. त्या म्हणाल्या, "जाळीचे पैसे तुम्ही दिलेत म्हणून तिथे मांसाचे पैसे मोकळे झाले. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात. वहीत लिहिल्याने फरक पडतो का?" त्यांचे म्हणणे द्यायचेच असेल तर उघडपणे द्यावे किंवा मुळीच देऊ नये, असे आहे, स्वतः त्या मुळीच देऊ नये या बाजूच्या आहेत, आणि तरीही रोज सकाळी 'त्याचे' कसे आहे हे त्याच विचारतात. सासऱ्यांचे म्हणणे असे की, गृहस्थाला सगळी हिंसा टाळता येत नाही, म्हणून त्याला अणुव्रते दिली. जेवढी रेघ ओढता येते तेवढी ओढावी. या वादाचा निकाल आमच्या घरात लागलेला नाही. महाराजसाहेब चातुर्मासासाठी येतील तेव्हा त्यांच्यापुढे तो ठेवायचा असे ठरले आहे.

दोऱ्याच्या बाबतीत मात्र दोघांचे एकमत आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य सांगितले आहे. हेमचंद्राचार्यांच्या 'योगशास्त्रा'त त्या सदरात केवळ विष येत नाही. शस्त्रे आणि जीवघेण्या इतर वस्तूही येतात. पंख आणि गळे कापणारा दोरा त्यात कसा बसत नाही, हे मला कोणी समजावून सांगावे. आपल्यापैकी कित्येकांची जनरल स्टोअर्स आहेत, स्टेशनरी आणि कटलरीची दुकाने आहेत, हंगामात पतंग-दोऱ्याचा माल भरणारे आहेत. सासऱ्यांनी आमच्या भागातल्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत हा विषय काढला. उत्तर अपेक्षित होते : "मी नाही विकला तर शेजारचा विकेल. गिऱ्हाईक त्याच्याकडून साखरही तिथूनच घेईल." हे खोटे नाही. बंदीचा माल काउंटरखालून जातो, त्यावर नफाही जास्त सुटतो, हे बाजारात बसणाऱ्या कोणाला सांगायला नको.

यावर सासऱ्यांनी धर्माची गोष्ट काढलीच नाही, व्यवहाराची काढली. हंगामाचा माल दिवाळीनंतर ठरतो. जानेवारीत दुकानदाराला 'विकू नका' म्हणणे म्हणजे त्याला भरलेला माल पाण्यात टाका म्हणणे. तो ऐकणार नाही. जे बोलायचे ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऑर्डर जाण्यापूर्वी बोलले पाहिजे, आणि एका गल्लीतल्या सर्व दुकानांनी एकत्र बोलले पाहिजे, म्हणजे शेजाऱ्याचा प्रश्न उरत नाही. त्या दिवशी बैठकीला असलेल्या अकरा दुकानदारांपैकी सात जणांनी होकार दिला. दोघांनी पाहू म्हटले. एकाने सुती दोऱ्याचा घाऊक भाव विचारला, आणि मला तोच सर्वांत आशादायक वाटला. उरलेल्या एकाने चहा संपवून निरोप घेतला. दिवाळीनंतरची पुढची बैठक पेढीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहून ठेवली आहे.

अंकाईचा तो तरुण आमच्या दिराला अधूनमधून फोन करतो. त्याच्या मनगटाची जखम भरली. धनुर्वाताचे इंजेक्शन घे म्हणून दिराने फार सांगितले, तेव्हा कुठे त्याने ते घेतले. तो सांगतो की कड्याच्या त्याच फटीत संध्याकाळी दुसरे एक घुबड येऊन बसते. जोडीतले असावे, असे त्याला वाटते.

केंद्रातून गेल्या आठवड्यात निरोप आला. टाके निघाले आहेत, पंखाची पट्टी सोडली आहे. मोठ्या पिंजऱ्यात ते एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर जाते, पण अजून डावीकडे कलते. पूर्ण उडू लागले तर जेथून आणले तेथेच, टंकाईच्या कड्यापाशी, अंधार पडताना सोडतील. त्या वेळी हजर राहायचे तर सूर्यास्तापूर्वीचे जेवण अंकाई गावातच उरकावे लागेल. सासूबाईंनी डबे किती लागतील याचा हिशेब आताच करून ठेवला आहे, आणि त्यात त्या तरुणाचाही डबा धरला आहे.